फौजदार आणि फिनेलची बाटली

आमच्या फौजदारानं क्रांतीबाईंच्या मनगटावर चार ओरखडे काढले, ती बातमी क्रांतीबाई एसटीनं जयसिंगपूरला पोचायच्या आधी तिथं पोचली. मोबाईलवर फोटो गेलता. हात, हातावर हळद लावलेली, आणि खाली लिहिलेलं, ‘अनुजाच्या सासरी पाहुणचार.’ आता सांगा, माणसानं तोंड कुटं लपवायचं?

फौजदार म्हंजे आमचा बोका. पिवळा-पांढरा, चार वर्षांचा, मान जाड, आणि चाल अशी की गल्लीत गस्तच घालतोय. नाव मालकांनी ठेवलतं. मालक म्हंजे माझे यजमान, वारणानगरला कारखान्यात फिटर होते. दोन वर्षांमागं गेले. मग माझा लेक विश्वजित म्हणाला, “आई, एकटी कशाला ऱ्हातीस, कोल्हापूरला चल.” त्यानं कळंब्याकडं रो-हाऊस घेतलंय. मी आलो. दोन ट्रंका, एक वाकळ, म्हंजे गोधडी, आणि हा बोका, एवढंच घेऊन आलो. आणि व्हय, मी बाईमाणूस हाय. आमच्याकडच्या बायका ‘आले, गेले’ करत बसत न्हाईत, सरळ ‘आलो, गेलो’ म्हणतात. नाव श्यामला, पण सगळी आक्काच म्हणतात.

क्रांतीबाई म्हंजे माझ्या सुनेची, अनुजाची मावशी. बाई मनानं वाईट न्हाय, पण नजर तपासणीसाची. घरात आल्या की आधी टीव्हीवरनं बोट फिरवतात, मग ते बोट उजेडाला धरून बघतात, मग बसतात. त्या दिवशी बोट स्वच्छ निघालं. निघणारच की! तीन दिवस मी घर घासत होतो. बाई दिवाणावर बसल्या, मी खुशीत आतनं फौजदाराला उचलून आणला आणि म्हटलं, “बघा की किती गुणाचा हाय! घ्या की मांडीवर, काय करत न्हाय!” आणि दिला मांडीवर. त्याच्या पुढच्या मिनिटात चहाचा ट्रे एकीकडं, बाईंचा चष्मा दुसरीकडं, आणि फौजदार पडद्याच्या दांडीवर.

ही तिसरी वेळ. आधी विश्वजितच्या कंपनीतले साहेब जेवायला आलते, त्यांच्या नव्या पँटीला नखं लावली. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अनुजाच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका आलत्या, त्यांच्या जरीच्या पदराचं सूत ओढलं. आणि आता क्रांतीबाई.

संध्याकाळी जेवताना विश्वजितनं ताट बाजूला सारलं.

“आई, आता बास. त्याला नवा माणूस चालत न्हाय. घरात पावणं आणायची सोय राहिली न्हाय. मी कृष्णातला फोन केलाय.”

कृष्णात माझा भाचा, भावाचा लेक. कुरुंदवाडला त्याचा गोठा हाय, बारा म्हशी, आणि पेंडीच्या पोत्यात उंदीर. त्याला बोका पाहिजेच होता.

“कधी?” मी विचारलं.

“पुढच्या रविवारी. तो पेंड न्यायला कोल्हापूरला येणारच हाय. जाता जाता घेऊन जाईल.”

“त्याच रविवारी क्रांतीमावशी पत्रिका घेऊन येणार आहेत,” अनुजा हळूच म्हणाली. मावशीच्या लेकीचं, स्वप्नालीचं लग्न ठरलंय. “त्या यायच्या आधीच नेला तर बरं.”

मी हातातला घास खाली ठेवला. रागानं माझे कान तापलते, पण आवाज चढवला न्हाय, कारण ते घर माझं न्हाय. मी एवढंच म्हटलं, “पावणं येऊन जाऊ देत. ह्या वेळी त्यानं कुणाला नख लावलं, तर माझ्या हातानं डालग्यात घालून देतो.” डालगं म्हंजे कोंबड्या झाकायची बांबूची टोपली. कृष्णात तेच घेऊन येणार होता.

विश्वजितनं ताट परत पुढं ओढलं. मग म्हणाला, “एक ओरखडा, आई. एकच. मग मला काय सांगायचं न्हाय.”

“न्हाय सांगणार,” मी म्हटलं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली न्हाय. फौजदार गेला की मी बी जाणार होतो. कुरुंदवाडला न्हवं, वारणानगरला. कारखान्याच्या कॉलनीमागं एका ओळखीच्या बाईची खोली रिकामी हाय. मालक गेले त्या रात्री ह्या बोक्यानं माझ्या उशाशी बसून सकाळ केलती, आणि मी त्याला म्हशींच्या गोठ्यात सोडून हितं टीव्ही बघत बसू? न्हाय जमायचं. पण लेकाला धमकी देऊन त्याच्या घरात राहायला मला आवडत न्हाय. म्हणून गप बसलो. पलंगाखालची ट्रंक तेवढी बाहेर ओढली आणि तिच्यात दोन लुगडी घालून ठेवली.

सोमवारी फौजदाराला भाजीच्या बास्केटात घातलं, वर टॉवेल बांधला आणि रिक्षानं जनावरांच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टरीण तरणी पोरगी, इरावती नाव. तिनं त्याचे दात बघितले, पोट दाबलं, कान बघितले. फौजदार शहाण्यासारखा गप.

“आक्का, हा ठणठणीत आहे. आणि रागीट नाही, घाबरट आहे.”

“घाबरट?” मला लई झोंबलं. “अहो, कॉलनीतली दोन कुत्री ह्याला बघून रस्ता बदलायची!”

ती हसली. “घाबरलेलं मांजर आधी पळायला बघतं. वाट नाही दिसली की मग नखं काढतं. त्याला भीती कशाची वाटते ते मला इथं बसून नाही कळायचं. घर तुमचं आहे, तुम्हीच बघा.”

रिक्षात बसून मी फौजदाराला विचारलं, “काय रे, भितोस व्हय?” त्यानं टॉवेलातनं एक डोळा काढून माझ्याकडं बघितलं आणि परत आत घेतला. रिक्षावाला आरशातनं बघत होता, त्याला वाटलं असंल म्हातारी बास्केटाशी बोलतीया.

गल्लीतल्या बायकांनी मंगळवारभर सल्ले दिले. कुणी म्हणालं मीठ-मिरच्या ओवाळून टाका, कुणी म्हणालं गळ्यात काळा दोरा बांधा, कुणी म्हणालं त्याला मंगळ हाय. मी म्हटलं, मंगळ असता तर लग्नाला अडला असता, त्याचा तसला कायच प्रश्न न्हाय. सगळ्या हसल्या. पण रविवार पाच दिवसांवर आलता.

बुधवारी गॅसचा सिलिंडर आला. नेहमीचा माणूस न्हवता, दुसराच होता, जोतीराम नावाचा, दांडगा गडी, मिशा ह्या एवढ्या. सिलिंडर आत आणून दाणकन आपटला. मी म्हटलं झालं, आता हा बी बोचकारून घेणार. दिवाणाकडं बघितलं तर वाकळीवर झोपलेला फौजदार उठला, अंग ताणलं, खाली उतरला, जोतीरामच्या घामट पायाचा वास घेतला आणि त्याच्या पायावर आडवा झाला की!

“लई माया दिसतीया,” जोतीराम म्हणाला आणि पाय न हलवता उभा राहिला.

मी बघतच बसलो. ह्या माणसाला फौजदारानं जन्मात बघितला न्हवता. मग नवा माणूस चालत न्हाय म्हंजे काय? साहेबाला नख, मुख्याध्यापिकेला नख, क्रांतीबाईला नख, आणि गॅसवाल्याच्या पायावर लोळण? बोक्याला काय पगार वाचता येतो?

ते कोडं माझ्या डोक्यात दिवसभर फिरत राहिलं. भाकरी करपली. अनुजानं विचारलं, “आई, बरं वाटत नाही का?” मी म्हटलं, “वाटतंय की. तू खा.”

गुरुवारी सकाळी, सवयीप्रमाणं, मी रविवारच्या तयारीला लागलो. माझी तयारी म्हंजे कशी, ते सांगतो. दिवाणावर माझी वाकळ असते. जुन्या लुगड्यांची आणि मालकांच्या धोतराची शिवलेली, कडा विरलेल्या. पावणं यायचं म्हटलं की ती आधी गच्चीवर जाती, कारण असली चिंधी पावण्यांना दाखवायची व्हय? तिच्या जागी इस्त्रीची चादर. मग फौजदाराचं वाळूचं घमेलं मागल्या दारी, त्याची दुधाची वाटी माळ्यावर. मग बादलीत दोन टोपणं फिनेल, आणि फरशी, भिंतीचे कोपरे, दिवाणाचे पाय, सगळं घासून पुसून. वर हवेत तो फुसफुस वासाचा डबा. आणि पावणं दारात यायच्या वेळेला फौजदार न्हाणीत कोंडलेला. सासू सुनेच्या घरात आयती बसून खाती असं कुणी म्हणू नये, म्हणून मी दुप्पट करतो. आणि पावणं मोठं असलं की तिप्पट.

तर गुरुवारी वाकळ गच्चीवर टाकली, फिनेलनं सगळं पुसलं. फौजदार कुटं गेला मला कळलं बी न्हाय. संध्याकाळी विश्वजित कामावरनं आला, बूट काढले आणि नव्या चादरीवर बसला. तेवढ्यात फौजदार कपाटाच्या मागनं बाहेर आला. पोट जमिनीला, कान मागं, शेपटी फुगलेली. विश्वजितकडं बघितलं आणि गुरगुरला. असा गुरगुरला की अनुजा स्वयंपाकघरातनं पळत आली.

“बघ!” विश्वजित उठून उभा राहिला. “आता घरच्यांवर बी यायला लागला. रविवार कशाला, उद्याच नेऊन सोडतो!”

मी दाराशी उभी होतो, आणि माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. विश्वजित म्हंजे त्याचा रोजचा माणूस. रात्री त्याच्या पायाशी झोपतो. पावणं न्हाय, अनोळखी न्हाय, कोण न्हाय. मग आज घरात नवं काय हाय? नवं होतं ते फिनेल. आणि जागेवर न्हवती ती वाकळ.

“थांब,” मी म्हटलं. “तू काय करू नकोस. नुसता तिकडच्या खुर्चीत बस.”

धावत गच्चीवर गेलो, ह्या वयात, दोन-दोन पायऱ्या चढून. वाकळ काढून आणली. खिडक्या सताड उघडल्या, पंखा जोरात लावला, सगळी फरशी साध्या पाण्यानं परत पुसून काढली. घमेलं आत आणलं, वाटी खाली घेतली, चादर उपसली आणि वाकळ पसरली. विश्वजित आणि अनुजा माझ्याकडं असं बघत होते, की आईचं डोकं फिरलं. 

अर्ध्या तासानं फौजदार आला. वाकळीचा वास घेतला. एका कडेला उभा राहून पुढच्या पायांनी ती तुडवत राहिला, कणीक मळल्यासारखी. मग गोल फिरून बसला. विश्वजितनं भीत भीत हात पुढं केला, तर त्या हातावर डोकं घासलं.

मला रडू आलं. खरं सांगतो, आनंदाचं कमी आणि लाजेचं जास्त. ओरखडे फौजदारानं काढलते, पण ते काढायला लावलं होतं मी. ज्याचा मान मोठा, त्याच्यासाठी माझं फिनेल जास्त. साहेबांसाठी तीन दिवस घासलं, साहेबाला नख. गॅसवाला न सांगता आला, म्हणून त्याच्या पायावर लोळण. त्या बिचाऱ्याची जागा, त्याचा वास, त्याची वाटी, सगळं मी उचलून न्यायचो, सगळ्या घराला भलताच वास मारायचो, वर त्याला न्हाणीत कोंडून ठेवायचो, आणि पावणं आलं की तिथनं ओढून काढून त्यांच्या मांडीवर द्यायचो. कुणाचं बी डोकं फिरंल! माझं फिरलं असतं.

शुक्रवारी डॉक्टरिणीला फोन केला. ती म्हणाली, “आक्का, फिनेल तर मांजराला चांगलंच नाही, पायाला लागतं आणि ते पाय चाटतात. बंदच करा. आणि पाहुण्यांच्या मांडीवर त्याला देऊ नका. त्याला यायचं तर तो येईल.”

मग मी अनुजाला समोर बसवलं.

“रविवारी फिनेल टाकायचं न्हाय. वाकळ हलवायची न्हाय. घमेलं जागचं हलवायचं न्हाय.”

अनुजाचे डोळे मोठे झाले. “आई, क्रांतीमावशी येणार आहेत! फिनेल नाही? आणि ती वाकळ दिवाणावर? मावशी तेरा घरी सांगतील.”

“सांगू दे.”

“मागच्या वेळी फोटो टाकला त्यांनी.”

“मग आता वाकळीचा टाकतील. पोरी, लाज माझी जाईल, तुझी न्हाय. सांग त्यांना, सासू तसलीच हाय.”

हे बोलताना माझ्या जिवाला काय झालं ते माझं मला ठाऊक. चाळीस वर्षं माझ्या दारात आलेल्या कुठल्याच पावण्याला मी न घासलेलं घर दाखवलं न्हाय. मालकांच्या मयताला आलेली माणसं बी स्वच्छ फरशीवर बसलती. पण बोका राहायचा तर हे गिळायला पाहिजे होतं. अनुजानं फडकं उचललं. मग म्हणाली, “बरं. पण टीव्ही तेवढा पुसू द्या.” मी म्हटलं, “पूस, पण कोरड्या फडक्यानं.”

रविवार उजाडला. विश्वजितनं सकाळीच बजावलं, “आई, कृष्णात पाच वाजता येतोय. एक ओरखडा.” मी मान हलवली. पलंगाखाली ट्रंक तयार होती, तिच्यात आता चार लुगडी झालती.

चार वाजता क्रांतीबाई आल्या, मागं त्यांचे यजमान आण्णा, हातात पत्रिकांची पिशवी. एरवी मी दारातनंच ओरडतो, “या, या, या! लई उशीर केलासा!” आज तोंडाला कुलूप. हळू आवाजात म्हटलं, “या.” क्रांतीबाई दचकल्या.

“काय हो विहीणबाई, घसा बसलाय?”

“न्हाय. या, बसा.”

बाईंनी टीव्हीवरनं बोट फिरवलं. बोट उजेडाला धरलं. मग त्यांची नजर दिवाणावर गेली आणि तिथंच थांबली.

“ही वाकळ?”

“वाकळच हाय,” मी म्हटलं. माझ्या पायाची बोटं आवळली गेलती.

“उचलायची राहिली वाटतं.”

“राहिली न्हाय. मुद्दाम ठेवलीया.”

अनुजानं खुर्ची पुढं केली. पण क्रांतीबाईंचा गुडघा दुखतो, त्यांना खुर्ची नको होती. त्या वाकळीच्या कडेवर बसल्या, दोन बोटांनी ती थोडी सरकवून. फौजदार शोकेसच्या माथ्यावर होता. वरनं बघत होता. शेपटीचं टोक हलत होतं. विश्वजित दाराच्या चौकटीला टेकून उभा, आणि त्याच्या नजरेत मला दिसत होतं की त्याला बी आता बोका जावा असं वाटत न्हवतं. पण शब्द दिलता, मी बी दिलता.

आणि फौजदार खाली उतरला.

“अगं बाई, आला!” क्रांतीबाईंनी पाय वर ओढायला घेतले.

“हलू नका,” मी म्हटलं. “त्याच्याकडं बघू बी नका. पत्रिका वाचा.”

“काय वाचू?”

“पत्रिका! मोठ्यानं न्हाय, हळू. त्याच्यासाठी कायच करू नका.”

क्रांतीबाईंनी पत्रिका काढली आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलायला लागल्या. कुलदैवताच्या कृपेनं सुरुवात झाली. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी स्वप्नाली. फौजदारानं त्यांच्या पिशवीचा वास घेतला. वराचं नाव, वराच्या बापाचं नाव. पदराच्या टोकाचा वास घेतला. बाई वाचत राहिल्या. मुहूर्त, वार, वेळ, मंगल कार्यालय. फौजदार दिवाणावर चढला. मागच्या वेळी ओरखडलेल्या मनगटाजवळ नाक नेलं.  विश्वजितनं एक पाऊल पुढं टाकलं, मी हातानं त्याला थोपवलं.

“थांबू नका,” मी पुटपुटलो.

“आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं,” क्रांतीबाई किलबिलीवर आल्या. मग आमंत्रकांची सतरा नावं. ती संपली तर घाबरून त्यांनी खालचा छापखान्याचा फोन नंबर बी वाचला, आकडा-आकडा करून. आण्णांना हसू आवरेना, त्यांनी रुमाल तोंडात घातला.

फौजदारानं वाकळ तुडवायला सुरुवात केली. गोल फिरला. एकदा, दोनदा. आणि क्रांतीबाईंच्या मांडीला पाठ टेकवून बसला, मान पसरली आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं घरघर सुरू झाली. ती आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होती.

क्रांतीबाईंनी मान न वळवता, फक्त डोळे फिरवून त्याच्याकडं बघितलं.

“झोपला व्हय?”

“झोपला,” मी म्हटलं.

“माझ्याजवळ?”

“तुमच्याजवळ.”

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा काय फुलला, स्वप्नालीचं लग्न ठरलं तेव्हा तरी फुलला असंल का कोण जाणे. अनुजानं चहा पुढं केला. बाईंनी घेतला न्हाय, हात हलला तर तो उठंल म्हणून. अनुजानं लाडू पुढं केला. त्याचं बी तेच. पत्रिका देवापुढं ठेवून अक्षता द्यायच्या होत्या, त्या बी बसल्या जागेवरनं आण्णांना द्यायला लावल्या. मी एकदा बी “घ्या की, घ्या की” म्हटलं न्हाय. माझी जीभ दातांखाली होती.

पाच वाजता फाटक वाजलं. कृष्णात दारात, खांद्यावर डालगं.

“आत्ती, बोका कुटं हाय? टेम्पो उभा हाय बाहेर.”

क्रांतीबाईंनी विचारलं, “कुठला बोका?”

कृष्णात सरळ माणूस, त्यानं सरळ सांगितलं. “हाच की. पावण्यांना बोचकारतो म्हणं. कुठल्याशा बाईचा हात फाडला त्यानं. आता गोठ्यात ठेवायचा.”

“ती बाई मीच हाय!” क्रांतीबाई एवढ्या जोरात म्हणाल्या, की मी डोळे मिटून घेतले. उघडून बघितलं तर फौजदाराचा एक कान हलला, बस्स. “आणि मी तुला सांगते, हा कुटं जाणार न्हाय. माझ्याजवळ येऊन झोपलाय तो, दिसत न्हाय का तुला? गोठ्यात म्हणं! अहो विश्वजितराव, हे तुम्ही ठरवलंसा?”

विश्वजितराव लाल झाले. मी खाली फरशीवर बसलो. साध्या पाण्यानं पुसलेल्या, धूळ असलेल्या फरशीवर.  चाळीस वर्षांत पावण्यांनी माझ्या घराची लई तारीफ केलीया, पण असं जिंकल्यासारखं कधी वाटलं न्हवतं. आणि सगळ्यांसमोर मी सांगितलं बी, की चूक बोक्याची न्हवती, चूक माझी होती, माझ्या फिनेलची आणि माझ्या मानपानाची. लाज वाटली न्हाय. क्रांतीबाई म्हणाल्या, “म्हंजे तुम्ही माझ्या मानासाठी घासलंत, आणि म्हणून मला ओरखडलं?” आणि हसायला लागल्या, पोट धरून न्हवं, मांडी न हलवता, नुसत्या खांद्यांनी.

विश्वजित माझ्याकडं बघत होता. मग तो आत गेला. पलंगाखालची ट्रंक ओढल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा हातात माझी चारही लुगडी होती. ती त्यानं अनुजाच्या हातात दिली, तिनं ती कपाटात नेऊन ठेवली. त्याला ट्रंकेचं कधी कळलं, मला म्हाईत न्हाय. त्यानं सांगितलं न्हाय आणि मी विचारलं न्हाय.

मग तो दारात गेला.

“कृष्णात, डालगं रिकामंच घेऊन जा. बोका हितंच राहणार. आणि आई बी हितंच राहणार.”

“मग उंदरांचं काय करू?” कृष्णात म्हणाला.

“आधी आत ये आणि चहा घे,” विश्वजित म्हणाला आणि खुर्ची पुढं ओढली.